खालचा पत्रा

“नाव वर आहे, पोर खाली बसणार आहे, आणि पत्रा एकच आहे. कुठे लावू ते तू सांग, मरिव्हिक.”

आमचे गाडीदुरुस्तीवाले मानोंग बेर्यो, म्हणजे बेर्योदादा, हे बोलले तेव्हा ते जीपखाली उताणे पडलेले होते. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एका पायात चप्पल होती, दुसरी शेजारी चिखलात रुतलेली. मी माझ्या मुलीला, गायाला, कडेवर घेऊन उभी होते. मी हसले आणि म्हणाले, “वरच लावा, मानोंग. खाली कोण बघायला जातंय.”

 मग ग्राइंडर सुरू झाला.

ती प्रवासी जीप माझ्या सासऱ्यांची. त्यांचं नाव क्रिस्पुलो, पण पुंता लाबायच्या बंदरापासून शहरापर्यंतच्या रस्त्यावर त्यांना सगळे ताय पुलो म्हणतात. मी तातय, म्हणजे बाबा, म्हणते. जीपच्या कपाळावर, काचेच्या वरच्या रुंद पाटीवर, मोठ्या लाल अक्षरांत माझ्या सासूबाईंचं नाव आहे, आउरोरा. त्या गेल्या तेव्हा रोनेल, म्हणजे माझा नवरा, सातवीत होता. आउरोराच्या खाली दोन मुलांची नावं, निळ्या रंगात. आमच्याकडे जीपवर नाव चढलं की मूल घरात पक्कं बसलं असं मानतात. बाप्तिस्मा चर्चमध्ये होतो, पण बंदरावरच्या बायका विचारतात, पाटीवर कधी येणार.

गाया दोन वर्षांची झाली तरी तिचं नाव पाटीवर नव्हतं, कारण नाव लिहायला पाटीच उरली नव्हती. गंजाने ती आतून पोखरली होती. ‘आउरोरा’मधल्या एका अक्षराच्या पोटातून बोट आरपार जायचं.

गंज मात्र तिथून सुरू झालेला नव्हता. आमची जीप सकाळच्या पहिल्या फेरीला माणसांबरोबर मासळीचे टब नेते. ते ठेवतात चालकाच्या सीटच्या बरोबर मागे. बर्फ वितळतो, खारं पाणी ठिबकतं, फरशीच्या पत्र्यावरून वाहत पुढच्या सीटखाली जाऊन साचतं. सव्वीस वर्षं हे चाललंय. तातय दर रविवारी गोड्या पाण्याने जीप धुतात, दरवाजे पुसतात, आरशांना पॉलिश करतात. सीटखाली हात घालून कुणी धुतलं नाही.

पत्रा रोनेलने आणला होता. जहाजावर जायच्या आधी तो गोदीत कामाला होता. तिथे मोडीत काढलेल्या एका जहाजाच्या स्वयंपाकघरातला स्टेनलेस पत्रा त्याला मिळाला. जाड, एकसंध, आरशासारखा. तसा दुसरा मिळणं शक्य नव्हतं. आमच्या रस्त्यावर स्टेनलेसची पाटी असलेल्या जीपकडे लोक वळून बघतात. रोनेलने जाताना तातयना सांगितलं होतं, “गायाचं नाव यावर घाला.”

गावच्या संताचा सण आठ दिवसांवर आला होता. त्या दिवशी सगळ्या गाड्या चर्चच्या आवारात रांगेत उभ्या करतात आणि पाद्री एकेका गाडीवर पाणी शिंपडतात. नाव त्याच्या आत चढायला हवं होतं.

मानोंग बेर्यो जीपखालून बाहेर आले. त्यांच्या हातात साधा स्क्रूड्रायव्हर होता. त्यांनी मला आणि तातयना वाकायला लावलं, पुढच्या सीटखालच्या फरशीवर त्याचं टोक टेकवलं आणि नुसतं दाबलं. टोक खाली गेलं. हातोडी लागली नाही.

“ही फरशी आहे की पावाची कड?” ते म्हणाले. “आणि सायलेन्सरचा पाइप हिच्या बरोबर खालून जातो. त्यालाही भोक आहे. कुणी तरी थंड पेयाचा डबा कापून तारेने बांधलाय.”

“मीच बांधलाय,” तातय म्हणाले.

“छान बांधलाय. माझ्या कोंबडीच्या खुराड्यालाही असाच बांधून द्या.”

तातय हसले. मीही हसले. मानोंग बेर्यो मात्र हसले नाहीत. ते परत जीपखाली शिरले आणि तेव्हाच त्यांनी पत्र्याचं विचारलं. मी ‘वर’ असं सांगितलं.

मी ते का सांगितलं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला गाडीतलं काही कळत नव्हतं हे खरं नाही. मी शिकलेली आहे, तिसरीच्या मुलांना विज्ञान शिकवते. पण त्या क्षणी मला दिसत होतं ते चर्चचं आवार, उन्हात चमकणारी पाटी आणि तिच्यावर लिगाया हे गायाचं पूर्ण नाव. माझी मुलगी घरात पक्की बसावी असं मला वाटत होतं.

स्टेनलेसचा पत्रा वर चढला, त्यावर चारही नावं आली. खाली मानोंग बेर्योंनी छपराचा जुना पत्रा कापून, वाकवून बसवला. कडेने रिव्हेट मारले, फटीत पुट्टी भरली, वरून डांबर फासलं. पाइपालाही एक जोड दिला. निघताना मला म्हणाले, “इंदाय, पोरी, याला दुरुस्ती म्हणत नाहीत. हे चिकटवलंय. दोन पावसाळे निघतील. तिसऱ्याच्या आधी मला हाक मार.”

“मारते,” मी म्हटलं.

फरशीचं ठिगळ फार कुरूप दिसत होतं म्हणून मी बाजारातून फुलाफुलांचं लिनोलियम आणलं आणि वरून अंथरलं. पिवळी फुलं. मीच निवडली. त्यानंतर खाली काय चाललंय हे कुणालाच दिसायचं कारण उरलं नाही.

मी काळजी करणारी बाई आहे. रोनेल वर्षातले दहा महिने समुद्रावर, सासूबाई नाहीत, माझी आई दुसऱ्या बेटावर. गायाचं पाणी मी वीस मिनिटं उकळायची. मच्छरदाणीचं प्रत्येक टोक गादीखाली खोचून वर उशी ठेवायची. ती झोपली की नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. सकाळी मी, गाया आणि तातय असे तिघं निघायचो. माझी शाळा अर्ध्या वाटेवर आहे. मी उतरायची. गायाला सांभाळायला घरी कुणी नव्हतं, म्हणून ती आजोबांबरोबर पुढच्या सीटवर शहरापर्यंत जायची आणि अकराच्या परतीच्या फेरीत तातय तिला माझ्या वर्गात सोडायचे. ब्रेक लागला तर ती घसरू नये म्हणून मी जुन्या ओढणीचा पट्टा शिवला होता. तो सीटच्या मागून घेऊन तिच्या पोटावर बांधायचे. गाठ दोनदा ओढून बघायचे.

ती जीपमध्ये पटकन झोपायची. घरी तिला झोपवायला मला तासभर लागायचा आणि इथे बंदराचं वळण गेलं की मान कलायची. मला बरं वाटायचं. एकदा मासळीवाली मानांग पुरिंग, म्हणजे पुरिंगताई, मागून म्हणाली, “तुझी पोरगी काय गं, गाडीत बसली की दिव्यासारखी विझते.”

“इंजिनाची अंगाई आवडते तिला,” मी म्हणाले.

पावसाळ्यात मला शाळेत पोचेपर्यंत डोकं दुखायचं. मुलांच्या वह्या तपासून दुखतंय असं मी ठरवून टाकलं होतं. पावसात जीपच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टिकचे पडदे खाली सोडतात, त्याचा आणि माझ्या डोक्याचा संबंध मी जोडला नाही. उन्हाळ्यात पडदे वर, तेव्हा डोकं दुखत नव्हतं, हेही माझ्या ध्यानात आलं नाही. तिसरा पावसाळा सुरू झाला. मानोंग बेर्योंना हाक मारायची राहून गेली.

जुलैतला एक मंगळवार. मी शाळेपाशी उतरले. गाया पेंगत होती, मी तिच्या गालाला हात लावला, पट्ट्याची गाठ ओढून बघितली. पुढे पुलावर एक ट्रक आडवा झाला होता. पाऊस इतका की समोरची गाडी दिसत नव्हती. जीपचा स्टार्टर महिनाभरापासून रुसलेला, इंजिन एकदा बंद केलं की चार माणसांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. म्हणून तातयनी इंजिन चालू ठेवलं. पडदे खाली, इंजिन चालू, गाडी जागेवर. पाऊण तास.

पुढचं मला मानांग पुरिंगने सांगितलं. मागच्या दोन बायकांना उलट्या झाल्या. लोक म्हणाले मासळीचा वास. मग हॉर्न वाजायला लागला आणि थांबेचना. कुणी तरी ओरडलं, “ताय पुलो, कळलं हो, ट्रक काही तुमच्या हॉर्नला घाबरत नाही.” लोक हसले. हॉर्न वाजतच राहिला. मग पुरिंग टबांवरून पुढे वाकली. तातयचं कपाळ स्टिअरिंगवर होतं. तिने आधी पडदा फाडला, मग त्यांना बाहेर ओढलं. त्यांनी हात दाखवायला बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवली होती, म्हणून ते पावसात पडल्यावर दोन मिनिटांत खोकायला लागले. गायाला काढायला वेळ लागला. पट्ट्याची गाठ सुटेना. पुरिंगने ती मासळीच्या सुरीने कापली.

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला नीट समजावलं. पाइपातला धूर फरशीतून आत येत होता, आणि असा धूर वासाने ओळखू येईलच असं नाही. तो रक्तात हवेची जागा घेतो. सगळ्यात लहान शरीर, फरशीच्या सगळ्यात जवळ. आणि आज एकदम झालं असं नाही, थोडं थोडं रोज होत असणार. “ती गाडीत नेहमी झोपायची का?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

नवव्या दिवशी गायाने डोळे उघडले. रोनेलला जहाजावरून उतरता आलं नाही. त्याच्याशी फोनवर बोलताना, तिने डोळे उघडले, एवढंच मी सांगितलं. आता ती पाच वर्षांची आहे. चालते, पण भिंतीला हात लावून. तिच्याजवळचे शब्द गळून गेलेत. चमच्याला ‘ते’ म्हणते, पाण्यालाही ‘ते’. मला आई म्हणते. दारालाही कधी कधी आई म्हणते. डॉक्टरबाई पहिल्या वर्षी म्हणायच्या, बघू. आता बघू म्हणत नाहीत.

जीप दोन महिने अंगणात उभी होती. तातय तिच्याकडे पाठ करून जेवायचे. मग एका सकाळी त्यांनी मानोंग बेर्योंना बोलावलं आणि लिनोलियम स्वतःच्या हाताने उपटून काढलं. फुलांच्या खाली ठिगळ नव्हतंच. होते ते नुसते तपकिरी पापुद्रे. हात लावला की गळून पडत होते, आणि मध्ये एवढं भोक, की त्यातून अंगणातलं गवत दिसत होतं.

“वरचा पत्रा काढ,” तातय म्हणाले.

“कुठला?”

“नावाचा. काढ आणि खाली लाव.”

मानोंग बेर्योंनी माझ्याकडे बघितलं. ‘मी तुला सांगितलं होतं’ हे त्यांच्या डोळ्यांत असेल म्हणून मी शोधत होते. ते नव्हतं. ते असतं तर मला सोपं गेलं असतं.

त्यांनी पाटीचे रिव्हेट एकेक करून कापले. पत्रा खाली आला तेव्हा तातयनी तो दोन्ही हातांनी धरला, कुणी आजारी माणूस उतरवून घ्यावा तसा. दोन वर्षांच्या खाऱ्या वाऱ्यातही त्याला डाग नव्हता. प्रश्न आला बाजूचा. नावं वरच्या बाजूला ठेवली तर चालकाचे पाय त्यांच्यावर येणार.

“बायकोच्या नावावर मी पाय ठेवायचा नाही,” तातय म्हणाले. “तोंड खाली कर.”

“खाली रस्त्याची घाण उडेल.”

“उडू दे. जिवंत होती तोवर तीही माझ्याबरोबर घाणीतच होती.”

म्हणून आउरोरा, तिची दोन मुलं आणि माझी मुलगी, अशी चारही नावं रस्त्याकडे तोंड करून बसवायचं ठरलं. पण पत्रा बसवायला कड लागते. मानोंग बेर्यो चांगलं लोखंड शोधत ग्राइंडर फिरवू लागले. बोटभर कापलं, गंज. वीतभर कापलं, गंज. मी ओट्यावर गायाला भरवत बसले होते आणि तो आवाज पुढे पुढे सरकताना ऐकत होते, फरशीकडून दाराकडे, दाराकडून मागच्या बाकांकडे. संध्याकाळी ते चेसिसपर्यंत पोचले. तिथे त्यांनी तोच जुना स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि दाबला. तातय बघत होते. मीही उठून आले होते.

टोक आत गेलं.

मानोंग बेर्योंनी टोकावरचा गंज पुसला. मग म्हणाले, “ताय पुलो, टाका घालायला कापड तरी पाहिजे. मी ज्याला जोडतोय तेच उरलं नाही. हिला झोपवा आता.”

“तू जोड.”

“जोडतो. धरणार नाही.”

“किती दिवस धरेल?”

“मागच्या वेळी मी दोन पावसाळे म्हणालो होतो,” मानोंग बेर्यो म्हणाले. “आता मी काहीच म्हणत नाही.”

त्यांनी जोडलं. पत्रा नवा आहे, त्याला काही होत नाही. त्याच्या कडेचं जुनं लोखंड मात्र झडत जातं आणि दर महिन्याला फट थोडी रुंद होते. मानोंग बेर्यो येतात, पुट्टी भरतात, पैसे न घेता जातात. पाइपाला आता इतके जोड आहेत की मूळ पाइप कुठला हे ओळखू येत नाही.

मी तातयना म्हटलं, “बंद करा ना. रोनेलचे पैसे येतात. आपलं भागतं.”

“मग सकाळी उठून मी काय करू, इंदाय? तिच्यासमोर बसू?”

गाया त्यांच्या पायाशी बसली होती. तिने त्यांच्या गुडघ्याला हात लावून त्यांना ‘ते’ म्हटलं. तातय उठून बाहेर गेले.

त्यांनी एक काम मात्र केलं. पुढची सीट आता ते कुणालाही देत नाहीत. मागचे पडदे काढून टाकलेत. पावसात लोक भिजतात, कुरकुरतात, दुसऱ्या जीपची वाट बघतात. आणि मागच्या माणसांकडे धूर जाऊ नये म्हणून त्यांनी आपल्या सीटच्या मागे, फरशीपासून छपरापर्यंत, प्लायवूड ठोकून घेतलं. भाडं घ्यायला त्यात हाताच्या पंजाएवढं चौकोनी भोक ठेवलं. मला ते दाखवताना त्यांचा चेहरा कित्येक महिन्यांनी जरा मोकळा झाला होता. “आता मागे काहीच जात नाही,” ते म्हणाले. “मेणबत्ती लावून बघितलं.”

“आणि पुढे?”

“पुढे मी आहे ना.”

मला लगेच कळलं. या वेळी कळायला उशीर झाला नाही. त्यांनी सगळ्यांना वाचवलं होतं आणि स्वतःला धुरासोबत खोक्यात बंद करून घेतलं होतं. मी म्हटलं, खिडक्या उघड्या ठेवा. ठेवतो म्हणाले. पण पावसाचं पाणी आत आलं की त्यांचं छातीचं दुखणं वाढतं, मग ते पुढचे पडदे सोडतात. मी स्टार्टर बदला म्हटलं. बदलला, तोही महिन्याभरात रुसला. मी चालकांच्या संघटनेकडे गेले. तिथले लोक फार चांगलं बोलले. ताय पुलो आमच्यात सगळ्यात वडील, त्यांना कोण सांगणार, आणि एक-दोन वर्षांत या जुन्या जीपा रस्त्यावरून हटणारच आहेत, तेवढं चालू द्या. मी प्लायवूडला भोकं पाडायला हातोडी घेऊन गेले, तेव्हा त्यांनी माझा हात धरला. माझ्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नव्हता. “मागे बायका असतात, त्यांच्या मांडीवर पोरं असतात,” ते म्हणाले. मी हातोडी खाली ठेवली. 

जूनपासून मी गायाला घेऊन शहरात राहते. तिला शब्द शिकवणारी बाई इथे आहे. आठवड्यातून पाच दिवस जावं लागतं. शाळा सोडली. निघण्याआधीच्या महिन्यात तातय दोनदा माझ्या शाळेपाशी न थांबता पुढे निघून गेले होते. एकदा त्यांनी मला आउरोरा म्हणून हाक मारली. त्यांच्या नखांचा रंग बदललेला मी बघितला. माझ्या डोळ्यांना आता हे सगळं दिसतं, आणि मी दोन तासांच्या अंतरावर आहे. दुपारी मी फोन करते. इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही. कधी कधी संध्याकाळी उचलतात आणि आधी विचारतात, “आज नवा शब्द?” मी ‘आहे’ म्हणते. गेल्या आठवड्यात मी ‘चमचा’ म्हणून सांगितलं. गाया तो शब्द म्हणालेली नाही.

तुम्ही कधी पुंता लाबायला गेलात, तर बंदराच्या फाटकापाशी जीपांची रांग असते. आमच्या जीपच्या कपाळावर पाटी नाही, नुसती चौकट आहे, त्यावरून ओळखू येईल. दुपारी एक ते तीन ती रांगेत तिसरी-चौथी असते आणि तातय इंजिन बंद करत नाहीत. पाऊस असेल आणि पुढचे पडदे खाली असतील, तर मागे चढू नका. चौकोनी भोकातून त्यांचा फक्त हात दिसतो, आणि तो हात मांडीवर नुसता पडलेला असला तरी सुट्टे मोजत असल्यासारखा वाटतो. त्यावर जाऊ नका. पुढे जा आणि काच ठोठावा. “भरली की निघतोच,” असं चिडून म्हणाले तर ठीक आहे, चिडू द्या. नाही बोलले, तर आधी पडदा फाडा, मग किल्ली फिरवून इंजिन बंद करा. ते परत सुरू होणार नाही, त्याची काळजी करू नका. त्यांना हाक मारताना ताय पुलो म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत म्हणत राहा.